आधी आलेला की जिंकणारा?

आपल्याकडे उमेदवारी श्रेष्ठी ठरवतात. तिकीट कुणाला मिळाले हे कार्यकर्त्यालाही कित्येकदा वर्तमानपत्रातूनच कळते! अमेरिकेत मात्र पक्षाचा उमेदवार कोण असावा यासाठीही मतदान होते, त्याला प्रायमरी म्हणतात. ऐकायला छान वाटते. पण १९६८ साली डेमोक्रॅटिक पक्षातल्या युद्धविरोधी मतदारांचे जे झाले, ते वाचताना मी दर वेळी अस्वस्थ होतो.

व्हिएतनाम युद्ध पेटलेले होते आणि ते चालवणारे अध्यक्ष लिंडन जॉन्सन डेमोक्रॅटिक पक्षाचेच. त्यांना घरातूनच आव्हान देणार कोण? रॉबर्ट केनेडींची बरीच मनधरणी झाली, पण ते कचरत राहिले. शेवटी ३० नोव्हेंबर १९६७ रोजी मिनेसोटाचे सिनेटर युजीन मॅकार्थी उभे राहिले. कविता करणारा, काहीसा तुटक माणूस. त्यांच्यासाठी कॉलेजची मुले लांब केस कापून, दाढ्या करून न्यू हॅम्पशायरच्या थंडीत दारोदार फिरली. १२ मार्चला तिथे मॅकार्थींना ४२ टक्के मते पडली, जॉन्सनना ४९. खुद्द अध्यक्षाविरुद्ध ४२ टक्के! आणि चारच दिवसांनी केनेडी रिंगणात उतरले. आम्ही नांगरलेल्या शेतात हा पेरायला आला, असे त्या मुलांना वाटले तर नवल नाही. ३१ मार्चला जॉन्सननी माघार घेतली.

आता मत द्यावे कुणाला? केनेडींनी ॲटर्नी जनरल असताना, १९६३ साली, मार्टिन ल्यूथर किंग यांचे फोन टॅप करायला परवानगी दिली होती. हे ओझे काही लहान नव्हे. पण कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत आणि मेक्सिकन शेतमजुरांत त्यांना जे प्रेम मिळाले, ते मॅकार्थींच्या वाट्याला कधीच आले नाही. शेतमजुरांचे नेते सीझर चावेझ यांनी गांधीजींच्या वाटेने २५ दिवस उपास केला, तो सोडताना केनेडी शेजारी बसले होते. मी तिथे असतो तर डोळे मिटून मॅकार्थींना मत दिले असते, असे पूर्वी मला वाटायचे. आता तेवढी खात्री नाही.

मतदारांचीही नव्हती. २८ मे रोजी ऑरेगनमध्ये मॅकार्थी जिंकले, ४ जूनला कॅलिफोर्नियात केनेडी, ४६ विरुद्ध ४२ टक्क्यांनी. त्याच रात्री, बारा वाजून गेल्यावर, केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या. ६ जूनला ते गेले.

आणि ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात उमेदवारी मिळाली कुणाला? उपाध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्रींना, जे एकाही प्रायमरीत उतरले नव्हते! बहुतेक राज्यांत प्रायमरी नव्हतीच, तिथले प्रतिनिधी पक्षाचे पुढारीच ठरवत. या दोघांत डावे-उजवे करत लोकांनी रात्री जागवल्या, आणि पान वाढले गेले तिसऱ्याच्या पुढ्यात. बाहेर रस्त्यावर पोलीस तरुणांना बडवत होते.

नोव्हेंबरात पुन्हा तोच पेच, हम्फ्री की घरी बसणे? मॅकार्थींनी त्यांना पाठिंबा दिला तो थेट ऑक्टोबरच्या अखेरीस, तोही नाइलाजाने. हम्फ्री सुमारे पाच लाख मतांनी, म्हणजे एका टक्क्याहूनही कमी फरकाने हरले. निक्सन आले, आणि अमेरिकेचे युद्ध आणखी चार वर्षे चालले.

पक्षाने मग नियम बदलले, प्रतिनिधी निवडण्याचा हक्क मतदारांकडे आला. ते नियम करणाऱ्या समितीचे पहिले अध्यक्ष जॉर्ज मॅकगव्हर्न १९७२ साली त्याच नियमांनी उमेदवार झाले. पुरोगाम्यांना हवा तसा माणूस! पन्नासपैकी एकोणपन्नास राज्यांत तो हरला.