रारामुरी क्रिओयो

मेक्सिकोच्या चिवावा राज्यातील ताम्र दरीत रारामुरी आदिवासींनी सांभाळलेला लहान चणीच्या गुरांचा वाण. १४९३ मध्ये कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीपासून स्पेनची गुरे अमेरिकेत येऊ लागली. त्यांचेच हे वंशज. दरी दुर्गम असल्याने मांसल युरोपीय जातींशी त्यांचा संकर फारसा झाला नाही. रखरखीत मुलखात गाय केवढी असावी, या प्रश्नाचा अभ्यास त्यांच्यामुळे नेमका करता आला. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात १९१२ पासून चालू असलेल्या होर्नादा संशोधन कुरणावर हे काम झाले. तेथे वर्षाकाठी सुमारे २५० मिमी. पाऊस पडतो आणि गवताची जागा आपल्याकडील वेड्या बाभळीच्या नात्यातल्या मेस्कीट झुडपाने घेतली आहे.

क्रिओयो गाय साधारण ४०० किलोच्या आत-बाहेर भरते. अँगस-हरफर्ड या ब्रिटिश जातींच्या संकराची गाय ५०० किलोंच्या पुढे जाते. नुसते शरीर टिकवण्यासाठी लागणारी ऊर्जा वजनाच्या पाऊण घाताच्या प्रमाणात वाढते. या हिशेबाने ६०० किलोंच्या शंभर गाईंच्या पोषणावर ४०० किलोंच्या सुमारे १३५ गाई जगतात. थोराड गाईचे वासरू दूध तोडताना त्याच प्रमाणात भारी नसेल, तर तिचा जादा चारा वाया गेला असेच म्हणावे लागते. दुधाळ वंशाच्या गाईंचे यकृत व आतडी मोठी असतात, त्यामुळे त्या भाकड काळातही जास्त खातात. दुष्काळात अशी गाय खंगते, वेळेवर माजावर येत नाही आणि एक वेत हुकते. वासराच्या वजनातील फरकापेक्षा हे नुकसान कितीतरी मोठे असते, म्हणून केवळ वासरांच्या वजनावरून वाण निवडणे कोरड्या कुरणावर घातक ठरते.

चरण्याची सवयही वंशागत असते. उपग्रहाद्वारे ठावठिकाणा कळवणारे पट्टे गळ्यात बांधून पाहिले, तेव्हा चारा विरळ असताना क्रिओयो गाई लांबवर पांगून चरताना आढळल्या. ब्रिटिश वंशाच्या गाई पाणवठ्याच्या आसपास रेंगाळतात आणि तेथली जमीन उघडी पडते.

वाणाची उणी बाजू बाजारात दिसते. वासरे लहान असल्याने त्यांना किलोमागे भाव कमी मिळतो आणि गवतावर ती तयार व्हायला जास्त काळ लागतो. क्रिओयो गाय व ब्रँगस वळू हा संकर त्यावरचा एक उपाय आहे. ब्रँगसमध्ये तीन-अष्टमांश रक्त ब्राह्मन या गुरांच्या जातीचे असते आणि त्या जातीच्या घडणीत गीर, ओंगोल यांच्याबरोबर कृष्णा खोऱ्यातील गुरेही आहेत.