ठाणे जिल्ह्यातील शिकार नियमन : बक्षीस, परवाना व शिकारी कुत्री (इ.स. १८७८ ते २०२२)

सारांश :
ब्रिटिश काळापासून आजपर्यंत वन्यप्राण्यांच्या शिकारीसंबंधी कायदे बदलत गेले. हिंस्र प्राणी मारणाऱ्यास बक्षीस, नंतर परवान्याधारे शिकार, पुढे संपूर्ण बंदी आणि अखेरीस केवळ अपवादात्मक लेखी परवानगी असा हा प्रवास आहे. प्रस्तुत शोधनिबंधात ठाणे जिल्ह्यातील कल्याण-शहाड-मुरबाड पट्ट्याच्या संदर्भात या प्रवासाचा आढावा घेतला असून, शिकारीत कुत्र्यांच्या वापरावरील निर्बंधांचा विशेष विचार केला आहे.

बीजशब्द : शिकार, परवाना, शिकारी कुत्री, बिबट्या, आदिवासी, वन्यजीव संरक्षण.

प्रस्तावना :
उल्हास नदीच्या काठी वसलेले शहाड हे आज मध्य रेल्वेवरील एक गजबजलेले स्थानक आहे. १९५० च्या दशकात उभा राहिलेला सेंच्युरी रेयॉनचा कारखाना आणि शेजारचे उल्हासनगर यांमुळे या परिसराची ओळख औद्योगिक झाली. उल्हासनगर हे मूळचे दुसऱ्या महायुद्धातील कल्याणची लष्करी छावणी होय. फाळणीनंतर तेथे सिंधी निर्वासितांची वसाहत झाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते शहराची पायाभरणी झाली. मात्र शहाडवरून जाणारा रस्ता मुरबाड व टोकावडे मार्गे माळशेज घाटाकडे, म्हणजे सह्याद्रीच्या अरण्याकडे जातो. शहर आणि अरण्य यांच्या सीमेवरील या पट्ट्यात शिकारीचा कायदा कोणासाठी होता व कोणाविरुद्ध होता, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला महत्त्वाचा वाटतो.

अभ्यासाची उद्दिष्टे :
१) शिकारविषयक कायद्यांतील टप्पे स्पष्ट करणे.
२) शिकारीच्या पद्धतींवरील, विशेषतः कुत्र्यांच्या वापरावरील निर्बंधांचा अर्थ शोधणे.
३) या निर्बंधांचा आदिवासी समाजावरील परिणाम तपासणे.

संशोधन पद्धती :
प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तो कायद्यांतील तरतुदी व प्रकाशित दुय्यम साधनांवर आधारित आहे.

शिकारी कुत्र्यांची परंपरा :
कुत्र्यांच्या साहाय्याने शिकार करण्याची प्रथा दख्खनमध्ये प्राचीन आहे. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने रचलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये मृगयेचे आणि कुत्र्यांचे सविस्तर वर्णन येते. (त्याची राजधानी कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, ठाणे जिल्ह्यातील कल्याण नव्हे.) पुढील काळात कारवान व मुधोळ या नावांनी ओळखली जाणारी सडपातळ, वेगवान कुत्री दख्खनमध्ये ससे व हरणांच्या शिकारीसाठी पाळली गेली. मुधोळ संस्थानच्या घोरपडे घराण्याने या जातीस आश्रय दिला. कोल्हापूर दरबारात तर काळविटाच्या शिकारीसाठी चित्ते पाळले जात. भारतीय चित्ता दुर्मीळ झाल्यावर ते आफ्रिकेतून आणावे लागले.

इंग्रजांनी आपल्या देशातील कोल्ह्याच्या शिकारीची हौस येथेही भागविली. उटी व पेशावर येथे शिकारी कुत्र्यांचे कळप बाळगून, घोड्यावर स्वार होऊन कोल्ह्यांचा पाठलाग केला जात असे. याउलट ठाणे जिल्ह्यातील कातकरी, ठाकर व वारली यांची पारध म्हणजे वागूर, फासे, हाकारा आणि गावातली साधी कुत्री. एकाची ती करमणूक होती, तर दुसऱ्याच्या घरात तिने चूल पेटत असे. कायद्याने मात्र या दोन्ही गोष्टी एकाच शब्दाखाली आणल्या.

बक्षिसाचा काळ :
एकोणिसाव्या शतकात वाघ, बिबट्या, लांडगा यांना सरकार शेतीचे व महसुलाचे शत्रू मानत असे. त्यांना मारणाऱ्यास बक्षीस मिळे. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अंदाजानुसार १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत भारतात ८०,००० हून अधिक वाघ, १,५०,००० हून अधिक बिबटे व २,००,००० लांडगे मारले गेले. १८५४ मध्ये रेल्वे कल्याणपर्यंत पोहोचल्यावर मुंबईच्या शिकाऱ्यांना ठाण्याची अरण्ये जवळ आली. साष्टीतील विहार तलावाच्या परिसरात १९२९ पर्यंत वाघाची शिकार झाल्याची नोंद आहे.

याच काळात अरण्यावरील हक्क आकुंचित होत होते. १८७८ च्या भारतीय वन कायद्याने राखीव वनात नियमांविरुद्ध शिकार करणे, फासे लावणे हा गुन्हा ठरविला. त्याच वर्षीच्या शस्त्र कायद्याने बंदुकीसाठी परवाना आवश्यक केला. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील वनविषयक असंतोष इतका वाढला, की मुंबई सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. थोडक्यात, साहेबाला वाघ मारल्याबद्दल मान मिळत असताना ससा पकडणारा आदिवासी गुन्हेगार ठरण्याची शक्यता निर्माण झाली.

परवान्याचा काळ :
१८८७ च्या वन्यपक्षी संरक्षण कायद्याने विणीच्या हंगामात पक्षी बाळगण्यावर व विकण्यावर बंदी घालण्याचा अधिकार नगरपालिका व छावणी मंडळांना दिला. १९१२ च्या वन्यपक्षी व प्राणी संरक्षण कायद्याने शिकारीसाठी 'बंद हंगाम' ठरविण्याची तरतूद केली. पहिल्या गुन्ह्यास ५० रुपयांपर्यंत दंड होता. या कायद्याच्या अनुसूचीत हरीण, रानरेडा, गेंडा, ससा होते. वाघ आणि बिबट्या नव्हते. म्हणजे ज्यांची शिकार करण्यात गंमत होती ते प्राणी राखावेत आणि ज्यांचा उपद्रव होता ते संपवावेत, असा हा दृष्टिकोन होता.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्यप्राणी व वन्यपक्षी संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे पक्षिशास्त्रज्ञ हुमायून अब्दुलअली (१९१४-२००१) यांचा त्याच्या मसुद्यात मोठा वाटा होता. १९७२ च्या केंद्रीय वन्यजीव (संरक्षण) कायद्याचा तो पूर्वसूरी मानला जातो.

१९७२ च्या मूळ कायद्यात शिकार पूर्णतः बंद नव्हती. विशेष शिकार, मोठी शिकार, छोटी शिकार आणि प्राणी पकडणे असे चार प्रकारचे परवाने होते. परवानाधारकाने मारलेल्या प्राण्यांची नोंद ठेवणे बंधनकारक होते. कलम १७ मध्ये पद्धतींवर निर्बंध होते. वाहनातून, कृत्रिम प्रकाशात, सूर्यास्त ते सूर्योदय या काळात, विष, स्फोटके, जाळी, खड्डे व फासे वापरून शिकार करण्यास मनाई होती. मोठ्या सावजासाठी सर्वसाधारणपणे रायफलच वापरावी लागे. याच कलमानुसार पाणपक्षी, चकोर, तितर व लावा यांखेरीज कोणत्याही वन्यप्राण्याची शिकार कुत्र्यांच्या मदतीने करता येत नसे. 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतही मारण्याबरोबर हाकारणे आणि तसा प्रयत्न करणे यांचा समावेश होता.

या तरतुदींचा हेतू निःसंशय चांगला होता. तथापि त्यांचा सामाजिक अर्थ दुर्लक्षून चालणार नाही. पाणपक्ष्यांमागे कुत्रा सोडणारा बंदूकधारी परवाना घेऊन शिकार करू शकत होता. मात्र रायफल नसलेल्या कातकऱ्याची वागूर, फासे आणि कुत्रा ही तिन्ही साधने निषिद्ध ठरली. पद्धतींची ही यादी 'खिलाडू' शिकारीच्या कल्पनेतून आली होती आणि ती कल्पना मुळातच साहेबी होती.

बंदी व लेखी परवानगी :
१९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची ही सर्व व्यवस्था संपुष्टात आली. संरक्षित अनुसूचींतील प्राण्यांच्या शिकारीवर बंदी आली. आता कलम ११ नुसार पहिल्या अनुसूचीतील प्राणी मानवी जीवितास धोकादायक झाला असेल, अथवा बरा न होण्याइतका जखमी वा आजारी असेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षक सकारण लेखी आदेश देऊ शकतात. २००२ च्या दुरुस्तीनुसार प्राण्याला पकडणे, बेशुद्ध करणे वा स्थलांतरित करणे शक्य नसल्याची खात्री झाल्याशिवाय त्याला मारण्याचा आदेश देता येत नाही. स्वतःच्या वा दुसऱ्याच्या जीवाचे रक्षण करताना सद्हेतूने झालेली हत्या मात्र गुन्हा ठरत नाही. २०२२ च्या दुरुस्तीने पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांबाबत किमान दंड २५,००० रुपये केला. तीन ते सात वर्षांच्या कारावासाची तरतूद कायम राहिली. बिबट्या या अनुसूचीत आहे.

जानेवारी २०१८ मध्ये उल्हासनगरात आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये कल्याण पूर्वेतील चिंचपाडा भागातील निवासी इमारतीत बिबट्या शिरला. दोन्ही वेळी तो जिवंत पकडण्यात आला. शंभर वर्षांपूर्वी अशा बिबट्याला मारणाऱ्यास बक्षीस मिळाले असते.

येथे अमेरिकेतील कूगर या मोठ्या मार्जाराची तुलना उद्बोधक ठरते. तेथे कुत्र्यांचा कळप कूगरचा माग काढून त्याला झाडावर चढण्यास भाग पाडतो व मग शिकारी गोळी घालतो. ओरेगॉनने १९९४ मध्ये आणि वॉशिंग्टन राज्याने १९९६ मध्ये जनमताने ही पद्धत बंद केली. कॅलिफोर्नियाने १९९० मध्ये कूगरच्या शिकारीवरच बंदी आणली. याउलट युटाने २०२३ मध्ये कूगरसाठी वेगळ्या परवान्याची अटही काढून टाकली. तेथे वाद शिकारीच्या पद्धतीचा आहे. आपल्याकडे कुत्रा व बिबट्या यांचे नाते उलटे झाले आहे. विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले परिसरात केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या खाद्याच्या वजनापैकी सुमारे ३९ टक्के वाटा पाळीव व भटक्या कुत्र्यांचा आढळला. कुत्रा येथे बिबट्याचा पाठलाग करत नाही, तो त्याचे भक्ष्य आहे. ज्या गावाच्या वेशीवर कचरा व भटकी कुत्री आहेत, तेथे बिबट्या येणारच.

निष्कर्ष :
१) शिकारविषयक कायद्यांचा आरंभ प्राण्यांच्या रक्षणातून नव्हे, तर महसूल, शस्त्रनियंत्रण व अभिजनांच्या करमणुकीच्या हेतूने झाला.
२) कुत्रे, जाळी व फासे यांवरील निर्बंध प्राण्यांच्या हिताचे होते, परंतु त्यांचा भार प्रामुख्याने परवाना व रायफल नसलेल्या आदिवासींवर पडला. बंदीबरोबर उपजीविकेचा पर्याय देण्याची जबाबदारी राज्याने तितक्या तत्परतेने स्वीकारली नाही.
३) १९९१ नंतर परवान्याची जागा सकारण लेखी आदेशाने घेतली. निर्णय हौशी शिकाऱ्याकडून उत्तरदायी अधिकाऱ्याकडे गेला, हे या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे स्थित्यंतर होय.
४) ठाणे व पालघर जिल्ह्यांतील वारली व अन्य आदिवासी समाजात वाघोबाची पूजा आजही होते. वाघ भयकारी आहे, तरीही तो आपल्या परिसराचा भाग आहे, ही जाणीव तीत आहे. शहाड-बदलापूर पट्ट्यात शहर अरण्याकडे सरकत असताना कायद्याइतकीच या जाणिवेची आवश्यकता आहे.