एक चित्रपट, एक बियाणं : मार्च २००२

आज दोन गोष्टी शेजारी ठेवून बघू. दोन्ही मार्च २००२ च्या. एक हॉलिवूडची, दुसरी आपल्या जालन्याची.

त्या महिन्यात अमेरिकेत 'रेसिडेंट ईव्हिल' प्रदर्शित झाला. मूळ कॅपकॉम या जपानी कंपनीचा १९९६ चा व्हिडिओ गेम. चित्रपटात शहराखाली अम्ब्रेला कंपनीची गुप्त प्रयोगशाळा आहे. विषाणू सुटतो, मेलेली माणसं उठून चालू लागतात. विषाणू बाहेर जाऊ नये म्हणून तिथला संगणक दारं लावून घेतो आणि आतल्या माणसांना मारतो. गेममधली भीती मात्र वेगळी होती बघा. बंदुकीत गोळ्या मोजक्या, त्यामुळे खेळणाऱ्याला प्रत्येक दाराशी हिशेब करावा लागे. चित्रपटात तो हिशेब नायिका करते, आपण नुसते बघतो.

आता जालना. २६ मार्चला केंद्राच्या समितीने बीटी कापसाला मान्यता दिली. बियाणं महिको-मोन्सॅन्टोचं. महिको म्हणजे बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात उभी केलेली कंपनी. मातीतल्या एका जिवाणूचा जनुक कापसात आला आणि ते बोंड खाणारी अळी मरू लागली.

भीती आधीपासून होतीच. १९९८ साली 'टर्मिनेटर बियाणं' हा शब्द गाजला. नावसुद्धा सिनेमातलं वाटावं असं! पेरलेलं पुन्हा उगवणारच नाही, असं ते तंत्र. त्याच वर्षी कर्नाटकात शेतकऱ्यांनी चाचणीचा कापूस जाळला. तो बीटी होता, टर्मिनेटर नव्हता. टर्मिनेटर बियाणं बाजारात कधी आलंच नाही.

मग खरं संकट कुठून आलं? हळूहळू, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. बीटीच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम नॉन-बीटी बी मिळायचं. ते कडेने लावायचं. त्यावर जगलेल्या अळ्यांचे पतंग बीटी पचवणाऱ्या पतंगांशी जुळले, की प्रतिकार पसरायला वेळ लागतो. पण दोन-चार एकरवाल्याने अळीसाठी जागा का सोडावी? बहुतेकांनी ते बी लावलं नाही. पाणी असेल तिथे फरदड घेतली, आणि गुलाबी बोंडअळीची हंगामानंतरही सोय झाली. २००६ पासून दोन जनुकांचं बियाणं आलं, तेही तिने पचवलं. २०१७ च्या हंगामात मराठवाड्यात, विदर्भात बोंडं आतून पोखरली गेली.

आम्ही तत्त्वज्ञान शिकवणारे 'कारण' या शब्दाशी जरा अडून बसतो. चित्रपटाला एक खलनायक आणि एक क्षण पुरतो. इथे दोन्ही नाहीत. कंपनीने बी विकलं, सरकारने नियम केला पण शेतात तो पाळला जातो का हे फारसं पाहिलं नाही, आणि शेतकऱ्याने त्या वर्षीचं कर्ज बघितलं. प्रत्येकाचा निर्णय आपल्या जागी समजण्यासारखा होता. कंपनीची जबाबदारी याने कमी होत नाही, पण एकट्या कंपनीला शिव्या घालून अळीही मरत नाही.

म्हणून आपल्या जवळचा आहे तो गेम. साधनं मोजकी, आणि दार कुणीतरी उघडायचंच असतं. उद्या नवं बियाणं येईल. तेव्हा 'हे राक्षसी आहे का?' एवढंच विचारून थांबू नका. त्याच्यासोबतचं दुसरं पाकीट कोण पेरणार, आणि त्या ओळींचं नुकसान कोण भरून देणार, हे आधी विचारा.