शब्बाथ

मराठी बायबलमधला ‘शब्बाथ’ हिब्रू भाषेतला. मुळाशी थांबणे, काम बंद ठेवणे हा अर्थ. पोर्तुगीज आणि स्पॅनिशमध्ये शनिवारचं नावही यावरूनच पडलं. कोकणात शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्राएल ज्यूंना लोक ‘शनवार तेली’ म्हणत. शब्बाथ पाळण्याच्या मूळ आज्ञेत नोकरचाकर, परका, बैल-गाढव साऱ्यांनाच त्या दिवशी सुट्टी आहे. येशू हाच धागा धरतो. लूकच्या 13व्या अध्यायात 18 वर्षं कंबरेत वाकलेल्या बाईला तो शब्बाथाच्या दिवशी बरं करतो. सभास्थानाचा अधिकारी चिडतो. येशूचा मुद्दा सरळ आहे: पाण्यासाठी बैलाचं दावं सोडलेलं चालतं, तर हिची सुटका का नको? विसावा स्वतः घ्यावा आणि दुसऱ्यालाही मिळवून द्यावा, हे शिष्यांनी यातून शिकायचं.