समुद्रपक्ष्यांचे चार महिने

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, यॉर्कशायर परगण्यांत, फ्लॅम्बरो नांवाचें एक भूशिर समुद्रांत शिरलेलें आहे. त्याच्या उत्तरेस बेंप्टन गांवाच्या बाजूनें खडूच्या पांढऱ्या कड्यांची भिंत उभी असून ती कांहीं ठिकाणीं 300 फुटांहूनही उंच आहे. गिलेमॉट, रेझरबिल, पफिन, किटीवेक इत्यादि पक्षी एरव्हीं आपलें आयुष्य समुद्रावर काढतात. परंतु वसंत ऋतु आला कीं विणीसाठीं ते हजारोंच्या संख्येनें या कड्यांवर उतरतात. जमिनीशीं त्यांचा संबंध येतो तो या थोड्या महिन्यांपुरताच; आणि माणसाच्या तावडींत ते सांपडतात तेही याच महिन्यांत. ही साधी गोष्ट माणसास कळावयास फार काळ लागला. या कड्यांचा इतिहास हा त्या उशिराचाच इतिहास होय.

1846 सालीं जवळच्या ब्रिडलिंग्टन गांवास आगगाडी पोंचली, आणि शहरांतील हौशी शिकाऱ्यांस हे कडे जवळचे झाले. भाड्याची होडी करावी, कड्याखालीं न्यावी, आणि घरट्यांवर बसलेल्या किंवा पिलांसाठीं मासे घेऊन परतणाऱ्या पक्ष्यांवर गोळ्या झाडाव्या, असा हा खेळ होता. अंड्यावर बसलेला पक्षी सहसा जागा सोडीत नाहीं. त्यामुळें नेमबाजीचें कौशल्यही यांत फारसें लागत नसे. पुढें स्त्रियांच्या टोप्यांवर किटीवेकचे पंख लावण्याची टूम निघाली, तेव्हां खेळास व्यापाराची जोड मिळाली. होडींत पडलेला पक्षी सर्वांस दिसे; त्याच्यामागें कड्यावर उपासानें मरणारें पिलूं मात्र कोणाच्याच हिशेबांत येत नसे.

तें हिशेबांत आणण्याचें काम केंब्रिजचे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक आल्फ्रेड न्यूटन यांनीं केलें. ग्रेट ऑक हा उडतां न येणारा मोठा समुद्रपक्षी पाहावयास मिळेल या आशेनें ते 1858 सालीं जॉन वुली या मित्रासह आइसलंडला गेले होते. पक्षी दिसला नाहीं. त्याची तेथील शेवटची ज्ञात जोडी 1844 सालींच एल्डी बेटावर मारली गेली होती. एखादी जात कायमची नाहींशी होऊं शकते, हें ज्यानें स्वतः रिकाम्या समुद्राकडे पाहून अनुभवलें, त्यास फ्लॅम्बरोची हत्या क्षुल्लक वाटणें शक्यच नव्हतें. 1868 सालीं नॉर्विच येथें भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनांत त्यांनीं हा प्रश्न मांडला. शिकारीच्या तितरांस विणीच्या दिवसांत कायद्याचें अभय असतें; मग समुद्रपक्ष्यांस तें कां असूं नये, असा त्यांचा सरळ मुद्दा होता.

त्याच सुमारास ब्रिडलिंग्टनचे धर्मोपदेशक हेन्री बार्न्स यांनीं स्थानिक लोकांस एकत्र करून समुद्रपक्ष्यांच्या रक्षणासाठीं मंडळ स्थापिलें. धुक्यांत या पक्ष्यांचा कलकलाट ऐकून खलाशांस कड्यांची सूचना मिळते, आणि त्यांच्या थव्यांवरून कोळ्यांस माशांचा ठाव लागतो, हे मुद्दे पुढें आले. केवळ दयेच्या नांवावर पार्लमेंट हलत नाहीं, हें चळवळीच्या पुढाऱ्यांस चांगलें ठाऊक होतें. ख्रिस्तोफर साइक्स यांनीं मांडलेलें विधेयक 1869 च्या जून महिन्यांत कायदा झालें. 1 एप्रिलपासून 1 ऑगस्टपर्यंत समुद्रपक्षी मारण्यास बंदी झाली आणि प्रत्येक पक्ष्यामागें एक पौंडापर्यंत दंड ठरला.

हे चार महिने म्हणजे मोठाच विजय होता. परंतु तो अपुराही होता. कित्येक किटीवेकचीं पिलें ऑगस्टांतही घरट्यांतच असतात. शिवाय अंड्यांस या कायद्यानें संरक्षण दिलेंच नव्हतें. बेंप्टनचे ‘क्लिमर’ दोरावरून कड्याखालीं उतरून गिलेमॉटचीं अंडीं पिशव्या भरून काढीत. हा त्यांचा पिढीजात आणि जिवावरचा धंदा होता. अंडीं खाण्यासाठीं विकलीं जात. सुंदर रंगांचीं अंडीं संग्राहक विकत घेत. 1954 सालच्या पक्षिसंरक्षण कायद्यानंतर हा धंदा बंद पडला.

आज बेंप्टनचे कडे राखीव असून तेथें बंदूक नाहीं आणि दोरही नाहीं. येतात ते दुर्बीण व कॅमेरा घेतलेले प्रेक्षक. परंतु प्रेमानें आलेला माणूसही नकळत घात करूं शकतो. गिलेमॉट घरटें बांधीत नाहीं. उघड्या खडकाच्या अरुंद पट्टीवर एकच अंडें घालून तें पायांवर धरून उबवितो. एखादी होडी अगदीं जवळ आली, डोक्यावर ड्रोन घोंघावलें, किंवा कड्याच्या कडेवर कोणी अकस्मात् उभें राहिलें, तर पक्षी एकदम उडतात. अंडीं घरंगळून खालीं पडतात, आणि उरलेलीं टपून बसलेले कुरव उचलतात. तीन आठवड्यांचें पिलूं उडतां येत नसतांनाच समुद्रावर हाका मारणाऱ्या बापाकडे उडी घेतें. त्याच्यापूर्वीं घाबरून पडलेलें पिलूं वांचण्याची आशा थोडीच.

म्हणून कुंपणाच्या आंत राहावें, आवाज हळू ठेवावा, कुत्र्यास दोरीनें धरावें, होडी दूर व संथ ठेवावी. पक्षी माना खालींवर करूं लागले कीं ती त्यांची अस्वस्थता समजून माघार घ्यावी. जवळून घेतलेल्या चित्रापेक्षां दुरून पाहिलेला शांत थवा अधिक मोलाचा मानावा. वेंगुर्ल्यासमोरील खडकाळ बेटांवर जमिनीवरच अंडीं घालणाऱ्या सुरय पक्ष्यांसही हाच न्याय लागू आहे.

1869 च्या कायद्यानें माणसाची बंदूक चार महिने दूर ठेविली. त्याचें पाऊल दूर ठेवण्याचें काम मात्र कोणत्याही कायद्यापेक्षां पाहणाऱ्याच्या विवेकावरच अधिक सोंपविलेलें आहे.