गळ्यावर टॅटू काढायचाय? डिझाईन निवडण्याआधी हे वाचा

जत्रा असो की तालुक्याचा बाजार, टॅटूवाल्याच्या पालापुढं आता पोरांचीच गर्दी जास्त दिसते. पूर्वी गोंदण म्हणजे बायकांचं. कपाळावर, हनुवटीवर हिरवे ठिपके, हातावर तुळस नाहीतर नाव. पुरुष मंडळी फार तर मनगटाजवळ ओम, त्रिशूळ किंवा स्वतःचं नाव गोंदून घ्यायची. आता मोबाईलवर क्रिकेटपटू, फुटबॉलपटू आणि गायकांचे गळे बघून गावाकडच्या पोरांनाही गळ्याच्या पुढच्या बाजूला टॅटू हवा असतो. पंख, गरुड, सिंह, गुलाब, त्रिशूळ, आईचं नाव, शिवमुद्रा अशी डिझाईन मागितली जातात.

हौसेला मोल नसतं हे खरं. पण हातावरचा टॅटू बाहीखाली जातो, पाठीवरचा सदऱ्याखाली जातो. गळ्यावरचा मात्र कुठंच जात नाही. म्हणून इथं डिझाईनच्या आधी दुसऱ्या दोन-तीन गोष्टी बघाव्या लागतात.

भरतीला जायचं असेल तर गळा कोराच ठेवा

साताऱ्याचं अपशिंगे मिलिटरी किंवा कोल्हापूर जिल्ह्यातलं सैनिक टाकळी ही गावं सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. पण भरतीची तयारी करणारी पोरं आज प्रत्येक तालुक्यात आहेत. पहाटे रस्त्यावर पळणाऱ्या पोरांपैकी किती जणांना टॅटूचा नियम माहीत असतो, हा प्रश्नच आहे.

भारतीय सैन्यात कायमचा टॅटू फक्त दोन जागी चालतो. एक, हाताच्या आतल्या बाजूला कोपरापासून मनगटापर्यंत. दुसरी, पंजाच्या पाठीमागच्या बाजूला. बाकी अंगावर कुठंही असला तर उमेदवार बाद होतो. आदिवासी समाजातल्या उमेदवारांना त्यांच्या जमातीच्या रूढीप्रमाणे असलेल्या गोंदणासाठी सवलत आहे, पण तिलाही अटी आणि कागदपत्रं लागतात.

सीमा सुरक्षा दल, सीआरपीएफ, सीआयएसएफ या केंद्राच्या दलांचा नियमही असाच कडक आहे. तिथं धार्मिक चिन्ह किंवा नाव चालतं, पण ते डाव्या हाताच्या आतल्या बाजूला किंवा पंजाच्या पाठीवर असावं लागतं. उजव्या हातानं सलाम ठोकतात म्हणून डावा हात. आकारही त्या भागाच्या एक चतुर्थांशापेक्षा कमी पाहिजे.

म्हणजे लेखी निघाली, मैदान मारलं, छाती-उंची बसली, तरी मेडिकलला गळ्यावरची नक्षी दिसली की घरचा रस्ता. डिझाईन देवाचं आहे, आईचं आहे, देशाचा झेंडा आहे, असं सांगून उपयोग होत नाही. जागाच चुकलेली असते. ज्या भरतीला बसायचं आहे तिची जाहिरात आधी पूर्ण वाचा. तोंडी ऐकलेल्या नियमावर जाऊ नका.

खाजगी नोकरीत असा लेखी नियम बहुतेक ठिकाणी नसतो. पण बँक, हॉटेल, शोरूम, विमानतळ अशा जिथं गिऱ्हाईकासमोर उभं राहायचं असतं, तिथं मुलाखतीला बसलेल्या माणसाची नजर आधी गळ्यावरच जाते.

गळ्याची कातडी वेगळी असते

गळ्याच्या पुढची कातडी पातळ आणि सैल असते. घोट गिळला की कंठमणी वरखाली होतो आणि त्याच्याबरोबर डिझाईनही हलतं. मान वळवली की एक बाजू ताणली जाते, दुसरीला सुरकुत्या पडतात. त्यात दाढीचे केस कंठमण्याच्या खालपर्यंत येतात. ऊन, घाम, सदऱ्याची कॉलर, खांद्यावरचा टॉवेल, गळ्यातली माळ हे सगळं त्याच जागेवर घासतं. यामुळं गळ्यावरचा टॅटू दंडावरच्या टॅटूपेक्षा लवकर फिका आणि पसरट होण्याची शक्यता असते.

दुखतंही जास्त. कातडीखाली मांस कमी आणि शिरा जवळ. सुई चालू असताना खोकला आला, घोट गिळला तर रेघ हलते. त्यामुळं पहिलाच टॅटू गळ्यावर काढू नये. आधी हातावर लहानसा काढून आपली कातडी कशी भरते ते बघावं. एखाद्याची जखम भरताना जाड, उंच वण उठतो. त्याला केलॉईड म्हणतात. छाती, खांदा, मान या भागात तो जास्त दिसतो. अंगावर जुन्या जखमेचे असे वण असतील तर गळ्याचा नाद सोडलेला बरा. साखरेचा आजार असणाऱ्यांनी आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसू नये.

डिझाईन निवडताना काय बघायचं

मधली रेघ धरा. गळ्याच्या बरोबर मधे कंठमणी आहे. दोन्ही बाजूंना सारखं दिसणारं डिझाईन, म्हणजे पसरलेले पंख, पंख उघडलेला गरुड किंवा मधे उभा त्रिशूळ, इथं शोभतं. एका बाजूला झुकलेलं डिझाईन मान सरळ असली तरी वाकडं वाटतं.

बारीक अक्षरं टाळा. शाई वर्षागणिक कातडीत थोडी थोडी पसरते. देवनागरीत मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरं जवळजवळ येतात आणि काही वर्षांत एकमेकांत मिसळतात. ‘आई’सारखा दोन अक्षरी शब्द मोठा काढला तर टिकतो. लांब ओळ टिकत नाही. शुद्धलेखन घरी कागदावर लिहून दोघा-तिघांना दाखवा. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर ते आयुष्यभर गळ्यावर राहतं.

चेहरा नको. महाराजांचा, आई-वडिलांचा किंवा देवाचा चेहरा हलत्या कातडीवर घोट गिळताना वेडावाकडा दिसतो. ज्याचा मान ठेवायचा त्याचंच तोंड वाकडं दिसलं तर काय अर्थ? शिवमुद्रेचंही तसंच. तिची अष्टकोनी चौकट आणि आतली बारीक अक्षरं गळ्याएवढ्या जागेत बसवली की पुढं काळा डाग होतो. तिला छाती किंवा पाठीसारखी मोठी, सपाट जागा लागते.

माणसाचं नाव विचार करून. मैत्रिणीचं किंवा नव्या नवरीचं नाव गळ्यावर घ्यायची घाई नको. नाव बदलायची वेळ आली तर ते झाकायला गळ्यावर जागाच उरत नाही.

काळा रंग बरा. सावळ्या, उन्हात रापलेल्या कातडीवर पिवळा, गुलाबी, आकाशी रंग उठून दिसत नाहीत. लाल शाईची ॲलर्जी इतर रंगांपेक्षा जास्त आढळते. काळी शाई टिकते आणि कधी काढायची वेळ आली तर लेझरलाही काळाच त्यातल्या त्यात सोपा जातो.

छापा उभ्यानं तपासा. टॅटूवाला आधी डिझाईनचा निळा-जांभळा छापा गळ्यावर उमटवतो. झोपलेल्या माणसाच्या गळ्यावर सरळ दिसलेलं डिझाईन उभं राहिल्यावर खाली सरकतं. आरशासमोर उभे राहा, घोट गिळा, वर-खाली बघा, मान दोन्हीकडं वळवा. मनाला पटलं नाही तर पुसून पुन्हा उमटवायला सांगा. त्यात लाज कसली.

ठरवण्याआधी तेच डिझाईन तात्पुरत्या स्टिकरनं गळ्यावर लावून आठ-पंधरा दिवस गावात, घरात, पाहुण्यांत वावरून बघा. बाजारात मिळणारी काळीकुट्ट ‘मेंदी’ मात्र गळ्याला लावू नका. तिच्यातल्या केसाच्या कलपाच्या रसायनानं फोड येतात.

जत्रेतल्या पालात की दुकानात?

जत्रेत एकच सुई दहा जणांना फिरते आणि शाईची एकच वाटी सगळ्यांना पुरते. त्यातून कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही एकाच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात जाऊ शकतो. कावीळ ब ची लस आहे, क ची नाही. स्वस्तात पडलेला टॅटू यकृताच्या दुखण्यात किती महाग पडेल, याचा हिशेब करा.

दुकानात गेल्यावर पुढील गोष्टी स्वतःच्या डोळ्यानं बघा. सुई सीलबंद पाकिटातून आपल्यासमोर काढली पाहिजे. शाई नव्या लहान टोपणात ओतली पाहिजे. हातमोजे नवे पाहिजेत. दाढीची पट्टी नवी पाहिजे. त्यानं आधी काढलेले गळ्याचे टॅटू, तेही भरून वर्ष-दोन वर्षं झालेले, बघायला मागा. ताज्या टॅटूचे फोटो सगळ्यांचेच झकास असतात. चांगला कारागीर अठरा वर्षांच्या आतल्या मुलाला बसवत नाही आणि दारू पिऊन आलेल्यालाही परत पाठवतो. जाताना पोटभर जेवून जा. रिकाम्या पोटी चक्कर येते.

शेतीची कामं बघून दिवस धरा

वरची कातडी भरायला दोन ते चार आठवडे लागतात. आतून पूर्ण बरं व्हायला आणखी वेळ जातो. तोवर ती उघडी जखमच समजा. ऊसतोड, फवारणी, मळणी, कडबा भरणं या दिवसांत गळ्यावर टॅटू घेऊ नये. पाचट आणि कूस लागते, औषधाचा फवारा उडतो, धूळ आणि घाम बसतो. उन्हाळाही टाळा. थंडीतला मोकळा पंधरवडा बरा. घरात लग्न असेल तर नवरदेवानं हळदीच्या तोंडावर तर मुळीच काढू नये.

साध्या साबणानं आणि स्वच्छ पाण्यानं हलक्या हातानं धुवा, टिपून कोरडं करा, सांगितलेलं मलम पातळ लावा. हळद, चुना, राख, तंबाखू असलं काही लावू नका. विहिरीत, कॅनॉलमध्ये पोहायला जाऊ नका. खपली ओढू नका. जखम भरेपर्यंत त्या जागेवर वस्तरा फिरवू नका. बंद गळ्याचा सदरा आणि माळ काही दिवस बाजूला ठेवा.

लाली पसरत चालली, पू आला, ताप आला तर डॉक्टरकडं जा. गळा सुजून गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. आणखी एक, टॅटू काढल्यावर साधारण एक वर्ष रक्तदान करता येत नाही. शिबिरात विचारलं तर खरं सांगा.

नंतर काढता येतो का?

लेझरनं काढतात, पण एका बैठकीत जात नाही. काही आठवड्यांच्या अंतरानं बऱ्याच बैठका लागतात, शहराच्या फेऱ्या होतात आणि खर्च काढण्यापेक्षा कितीतरी जास्त येतो. एवढं करूनही फिकट सावली किंवा डाग राहू शकतो. ‘नाही आवडला तर पुसू’ या भरवशावर गळा देऊ नका.

हौस भागवायचीच असेल तर मधला रस्ता आहे. तेच डिझाईन गळ्याखालच्या हाडांच्या खाली, छातीवर घ्या. तिथं जागा मोठी, कातडी घट्ट, आणि सदऱ्याचं बटण लावलं की झाकतंही. भरतीच्या पोरांना मात्र छातीही चालत नाही हे विसरू नका. त्यांनी भरतीचं वय निघून जाईपर्यंत थांबावं. डिझाईन कुठं पळून जात नाही, भरतीचं वय मात्र निघून जातं.