जिंजी : स्वराज्याची दक्षिणेतील राजधानी

चेन्नईत वाढणाऱ्या आपल्या मुलांना रायगड, प्रतापगड ही नावे पाठ असतात. पण स्वराज्याची एक राजधानी इथून सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. गेल्या हिवाळ्यात आम्ही तीन कुटुंबे एका दिवसात जिंजी पाहून आलो. त्या निमित्ताने हा लेखनप्रपंच.

तिंडिवनम सोडून तिरुवण्णामलैच्या रस्त्याला लागले की मोठमोठ्या शिळा रचल्यासारखे डोंगर दिसू लागतात. राजगिरी, कृष्णगिरी व चंद्रायणदुर्ग या तीन टेकड्या आणि त्यांना जोडणारा तट मिळून हा किल्ला होतो. तमिळमध्ये याला सेंजी म्हणतात. आत शिरताच राखलेली हिरवळ आणि नायकांच्या काळातला कल्याण महाल दिसतो. मध्ये तळे, भोवती खोल्या आणि मजल्यावर मजले चढवलेला मनोरा. तटाबाहेरच्या जलाशयातून मातीच्या नळांनी इथे पाणी आणले होते. मुले हिरवळीवर रमली. जवळच प्रचंड धान्यकोठारे आहेत. ती पाहिली की हा किल्ला वर्षानुवर्षे वेढा कसा सोसू शकला, ते कळते. राजगिरीचा चढ दमवतो. माथ्याजवळ एका खोल घळीवर पूल आहे. तो काढून घेतला की वर जाण्याची वाटच बंद!

शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये विजापूरकरांकडून जिंजी घेतली व तटबंदी मजबूत करवली. रायगडापासून इतक्या लांब किल्ला कशासाठी, याचे उत्तर बारा वर्षांनी मिळाले. मार्च १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली. पुढे रायगडही पडला. येसूबाई व बाल शाहू मोगलांच्या कैदेत गेले. राजाराम महाराज वेषांतर करून पन्हाळ्याहून निघाले. वाटेत केळदीच्या राणी चन्नम्मांनी औरंगजेबाचा रोष पत्करून त्यांना साहाय्य केले. महाराज जिंजीस पोहोचले आणि इथून राज्यकारभार पुन्हा सुरू झाला.

झुल्फिकारखानाने १६९० मध्ये वेढा घातला. १६९२ च्या अखेरीस संताजी व धनाजींनी मोगल फौजेची दाणादाण उडवली. तिकडे महाराष्ट्रात रामचंद्रपंत अमात्य किल्ला लढवीत होते. १६९८ च्या आरंभी जिंजी पडली, पण महाराज त्याआधीच निसटले होते. खानाला गड मिळाला, राजा मिळाला नाही.

गावात मात्र विचाराल तर नाव निघते राजा देसिंगचे. हा तेजसिंह मूळचा बुंदेला रजपूत. १७१४ मध्ये अर्काटच्या नवाबाशी लढताना तो तरुणपणी पडला. परप्रांतातून आलेल्या या वीराला तमिळ माणसाने आपल्या लोकगीतांत जागा दिली. इथे संसार थाटलेल्या आपणा सर्वांना याचे अप्रूप वाटावे.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्यातील बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यातला महाराष्ट्राबाहेरचा एकमेव किल्ला जिंजी. सकाळी लवकर निघा, पाणी भरपूर घ्या, माकडांपासून डबे सांभाळा. मंडळाची पुढची सहल जिंजीला न्यावी, अशी कार्यकारिणीस माझी विनंती आहे. आपल्या तमिळ शेजाऱ्यांनाही जरूर सोबत घेऊ या. देसिंगच्या गोष्टी त्यांच्याकडूनच ऐकायच्या आहेत.